एका विसरलेल्या बोलपटाची वंशावळ

जामखेडच्या आसपास लोकनाट्य कलाकेंद्रांची वस्ती आहे, आणि त्या केंद्रांतील बैठकीत पेटी, तबला व ढोलकी यांच्या साथीने रात्री जे गायिले जाते त्यात बैठकीच्या लावणीच्या पंक्तीला चित्रपटातले गाणेही हक्काने बसते, ही गोष्ट नगर जिल्ह्यातल्या माणसाला नव्याने सांगावी लागत नाही. रसिक फर्माईश करतो, दौलतजादा होतो, पेटीवाला क्षणभर सूर चाचपतो आणि मुंबईच्या कुठल्याशा ध्वनिमुद्रणगृहात वीस-पंचवीस वाद्यांच्या ताफ्यासह जन्मलेले गाणे तीन वाद्यांच्या भरवशावर असे उभे राहते की ते मूळचे इथलेच असावे असा भास व्हावा. या संगीत बारीत चित्रपटगीतांचा शिरकाव झाला म्हणून हळहळणारे जाणकार पुष्कळ आहेत. त्यांच्या कळकळीविषयी मला आदर आहे. परंतु चित्रपटगीत या बैठकीत आगंतुक म्हणून आले, हे त्यांचे गृहीतक मला मान्य नाही. या गाण्याचे कुळ शोधीत मागे जावे तर वाट एकीकडे गण-गौळणीच्या तमाशाकडे जाते हे खरे, पण दुसरीकडे ती अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या पात्रात जाऊन पोहोचते, आणि तेथे जो मूळपुरुष सापडतो त्याचे नाव आज त्याच्या स्वतःच्या देशातही फारसे कोणी घेत नाही.

तो मूळपुरुष म्हणजे ‘शो बोट’ नावाचा, युनिव्हर्सल कंपनीने १९२९ साली प्रदर्शित केलेला चित्रपट. एड्ना फर्बर या लेखिकेच्या १९२६ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला होता. नदीकाठच्या गावोगावी नांगर टाकून खेळ करणारी एक नाटकनौका, तिच्या कप्तानाची मुलगी मॅग्नोलिया आणि तिच्या प्रेमात पडलेला, दिसायला राजबिंडा पण जुगाराच्या नादी लागलेला रॅव्हेनल, असे त्याचे कथानक. आपल्याकडील फडाचा मालक गाड्यांवर राहुट्या लादून जत्रांमागून जत्रा करीत जातो, तसाच हा व्यवसाय. फरक इतकाच की तिथे बैलांचे काम पाणी करीत असे.

या चित्रपटाची जन्मकथा त्याच्या कथानकापेक्षा अधिक मनोरंजक आहे. हॅरी पोलार्ड या दिग्दर्शकाने तो मुळात मूकपट म्हणूनच घेतला. परंतु तो पुरा होईपर्यंत दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. १९२७ च्या ऑक्टोबरात वॉर्नर बंधूंच्या ‘द जॅझ सिंगर’ने पडद्याला वाचा दिली होती, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर निर्माता झीगफेल्डने याच कादंबरीवरचे, जेरोम कर्नच्या संगीताने नटलेले नाटक आणून सर्वांचे कान आपल्याकडे वळविले होते. प्रेक्षक ‘शो बोट’ म्हटले की गाणी अपेक्षिणार, आणि आपल्या हाती तर मुका चित्रपट! तेव्हा कंपनीने घाईघाईने काही प्रवेश बोलके करून घेतले, नाटकातील गायक-गायिकांना कॅमेऱ्यासमोर उभे करून त्यांच्या गाण्यांचे एक प्रास्ताविक चित्रित केले आणि ते चित्रपटाच्या आरंभी जोडून दिले. नायिका लॉरा ला प्लांट हिच्या तोंडची गाणी दुसऱ्याच गळ्यातून आली होती. असा हा निम्मा मुका व निम्मा बोलका, अर्धनारीनटेश्वरासारखा जोडीव चित्रपट जगभर फिरत फिरत मुंबईच्या एक्सेल्सियर थिएटरात आला, आणि तेथे तो पाहण्यास आलेल्या प्रेक्षकांत एक गृहस्थ होते पुण्यास जन्मलेले इंपीरियल फिल्म कंपनीचे मालक अर्देशीर इराणी.

इराणी यांनी पुढे स्वतःच सांगून ठेविले आहे की, चाळीस टक्के बोलका असलेला हा चित्रपट पाहूनच भारतीय बोलपट काढण्याची कल्पना आपल्या मनात आली. त्याच्या थोडे आधी कलकत्त्यास मदन कंपनीने ‘मेलडी ऑफ लव्ह’ हा युनिव्हर्सलचाच बोलपट दाखविलेला होता. तोही एका गाणी रचणाऱ्या शिपायाची प्रेमकथा सांगणारा, आणि आज तोही विस्मृतीतच जमा आहे. आपल्या देशाने बोलपटाचे पहिले दर्शन घेतले ते अशा दुय्यम प्रतीच्या गानप्रधान प्रेमकथांमधून, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हॉलिवूडच्या श्रेष्ठ कृती येथे आधी येत्या तर कदाचित इराणींना दडपण येते. या ओबडधोबड चित्रपटाने मात्र त्यांना हे आपल्यालाही जमेल असा भरवसा दिला असावा, असा माझा तर्क आहे.

हॉलिवूडमध्ये या जातीच्या चित्रपटांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगणे इष्ट आहे. पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे अकादमी पारितोषिक मिळविणारा ‘द ब्रॉडवे मेलडी’ गाजताच जो तो निर्माता गाण्यांच्या मागे लागला, १९३० च्या सुमारास अशा चित्रपटांचा इतका सुकाळ झाला की प्रेक्षकांना त्यांची शिसारी आली, आणि ‘या चित्रपटात गाणी नाहीत’ अशी ग्वाही जाहिरातीत देण्याची पाळी थिएटरवाल्यांवर आली. पुढल्याच वर्षी त्यांची संख्या पार खाली आली. १९३३ साली ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’ने त्या प्रकारास पुन्हा जीव दिला, परंतु त्या पहिल्या लाटेतले बहुतेक चित्रपट तोवर अडगळीत गेले होते. ‘शो बोट’चे तर दैव असे की १९३६ साली जेम्स व्हेलने आणि १९५१ साली एम. जी. एम. कंपनीने तीच कथा पुन्हा पडद्यावर आणली, आणि दोन धाकट्यांच्या गजबजाटात थोरल्याची आठवण पुसली गेली. त्याच्या ध्वनीचा काही भाग तर दीर्घकाळ गहाळच होता.

इकडे मुंबईत मात्र १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक सिनेमात इराणींचा ‘आलम आरा’ लागला आणि चार आण्यांचे तिकीट पाच रुपयांना विकले जाऊ लागले. गर्दी आवरण्यास पोलीस बोलवावे लागले. जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकाचा आधार, राजपुत्र आणि भटक्या टोळीत वाढलेली मुलगी यांची प्रेमकथा, सात गाणी. नायक होते मास्टर विठ्ठल, मूकपटांतील मारामारीचे बादशहा. त्यांना इंपीरियलने आपल्याकडे ओढल्याबद्दल पूर्वीच्या कंपनीने जो दावा लावला त्यात विठ्ठलरावांची बाजू मांडण्यास बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले होते, हा इतिहासाचा एक चमत्कारिक कोपरा आहे. विठ्ठलरावांना हिंदुस्थानी संवाद नीट पेलत नसत. तेव्हा त्यांची भूमिका अशी बेतण्यात आली की त्यांनी बराच काळ गुंगीतच असावे. देशातील पहिल्या बोलपटाचा नायक शक्य तितका कमी बोलणारा असावा, यातला विनोद त्या वेळी कोणाला जाणवला की नाही कोण जाणे.

त्या चित्रणाची पद्धत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. टॅनार नावाच्या यंत्रात चित्र आणि ध्वनी एकाच फितीवर, एकाच वेळी उमटत. म्हणजे नंतर दुरुस्ती नाही, बदल नाही. विल्फर्ड डेमिंग हा अमेरिकन तंत्रज्ञ यंत्राबरोबर आला होता, दिवसाला शंभर रुपये घेत होता, आणि त्याचे काम पाहून पाहून इराणी व त्यांचे सहकारी रुस्तुम भरुचा ती विद्या शिकले. स्टुडिओशेजारून आगगाडीचा रूळ जात असल्याने दिवसा चित्रण अशक्य. गाड्यांची वर्दळ थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर, कामास प्रारंभ होई. मायक्रोफोन कोठेतरी पडद्याआड किंवा सामानात दडविलेला, साथीदार चौकटीबाहेर दबकून बसलेले, आणि नटाने चालताना, हसताना, रडताना त्या अदृश्य कानाकडे तोंड ठेवून प्रत्यक्ष गावयाचे. गळा उसना घेण्याची सोय आपल्याकडे १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये झाली; तोपर्यंत ज्याला गाता येत नसे त्याला सहसा नायक होता येत नसे.

आणि नेमके येथेच हॉलिवूडची वाट व आपली वाट वेगळ्या झाल्या. तेथील चित्रपटात गाणे आले ते नव्या यंत्राची करामत दाखविण्यासाठी. करामत जुनी होताच गाणे निरुपयोगी ठरले. आपल्याकडे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यापासून गाण्यावाचून नाटक ही कल्पनाच मध्यमवर्गास रुचत नव्हती, आणि खेड्यातील रयतेचा तमाशा तर त्याहून कितीतरी आधीपासून गाण्याच्या पायावर उभा होता. बोलपट आला तेव्हा त्याला गाणे शिकवावे लागले नाही; पेटीवाले, तबलजी आणि गायक नट ही सगळी मंडळी रंगभूमीवर सज्ज होतीच. ‘आलम आरा’त सात गाणी होती, वर्षभराने मदन कंपनीच्या ‘इंद्रसभे’त ती सत्तरच्या घरात गेली. अमेरिकन प्रेक्षक जेथे कंटाळला तेथे आपला प्रेक्षक आणखी मागत राहिला.

मराठीपुरते बोलायचे तर १९३२ हे साल विलक्षण होय. फेब्रुवारीत प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गा खोटे तारामती. त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे त्याचा केवळ उल्लेख पुरे. त्याच साली व्ही. शांताराम यांनी कोल्हापुरात ‘माया मच्छिंद्र’ काढला. टेंबेच मच्छिंद्रनाथ, विनायक गोरख, आणि स्त्रीराज्याची राणी झालेल्या दुर्गाबाईंच्या पायाशी एक जिवंत चित्ता! विरक्त योगी राणीच्या मोहात गुंततो आणि शिष्य त्याला परत आणण्यासाठी येतो, ही कथा तुम्ही वैराग्याचा उपदेश म्हणून ऐका अगर गानप्रधान शृंगारकथा म्हणून. प्रेक्षकांनी ती दोन्ही अर्थांनी ऐकली असणार. जामखेडच्या माणसाला या कथेसाठी पोथी उघडण्याचीही गरज नव्हती. गर्भगिरीच्या डोंगररांगेत मढीला कानिफनाथ, आणि शेजारच्या आष्टी तालुक्यात सावरगावच्या मायंब्यावर खुद्द मच्छिंद्रनाथांची समाधी. नाथांची माणसे या मुलुखात शतकानुशतके वावरत आलेली आहेत. रंगपंचमीच्या सुमारास मढीला जी यात्रा भरते तिच्यात गाढवांचा बाजारही भरतो आणि नाथांच्या निशाणांची रांगही लागते.

याच साली आलेला तिसरा चित्रपट मात्र माझ्या मते आपल्या जिल्ह्याने अधिक अभिमानाने सांगावा असा आहे, आणि आज तोच सर्वांत अधिक विसरला गेला आहे. ‘श्यामसुंदर’ हे त्याचे नाव. १९१२ सालीच ‘पुंडलिक’ पडद्यावर आणणारे दादासाहेब तोरणे यांनी पुण्यात सरस्वती सिनेटोन ही संस्था काढली. दिग्दर्शन भालजी पेंढारकरांचे, संगीत बापूराव केतकरांचे. राधेच्या भूमिकेत दुधनीकडची शांता आपटे ही मुलगी प्रथमच पडद्यावर आली. पाच वर्षांनी ‘कुंकू’तील तिची नीरा पाहून उभा महाराष्ट्र हादरला, ती हीच. आणि कृष्ण? कृष्ण होता अहमदनगरात १९१८ साली जन्मलेला, मराठी ख्रिस्ती कुटुंबातला शाहू मोडक.

मुंबईच्या वेस्ट एण्ड सिनेमात हा चित्रपट पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला, आणि रौप्यमहोत्सव साजरा करणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली. लोक काय पाहण्यास इतके लोटले असतील? कथा नवी नव्हती. गोकुळ, यमुना, दुधाचे हंडे, राधेचा रुसवा, कृष्णाची खोडी हे सारे तमाशाच्या फडात गणानंतर लागणाऱ्या गौळणीत रोज घडत होतेच. मथुरेच्या बाजारास निघालेल्या गौळणी, त्यांना अडविणारा पेंद्या, आणि मावशीच्या तोंडून निघणारी टोलेबाजी यांवर खेड्यातला प्रेक्षक वर्षानुवर्षे जीव टाकीत आला होता. ‘श्यामसुंदर’ने तीच गौळण चावटपणा वजा करून, भालजींच्या संस्कारशील दृष्टीतून गाळून, पांढरपेशा कुटुंबांना बायकामुलांसह पाहता येईल अशा रूपात पडद्यावर मांडली. तमाशाचा आत्मा ज्यांनी घरात येऊ दिला नसता त्यांनी तो सहा महिने तिकीट काढून पाहिला, असे म्हटले तर भालजी रागावले असते. पण ते फारसे खोटे नाही.

शाहू मोडकांच्या जन्मगावाची पार्श्वभूमीही येथे सांगितली पाहिजे. नगर हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे ठाणे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्यातील उमेदीची पुष्कळ वर्षे या गावी घालविली आणि ख्रिस्ती उपासनेत विलायती चालींच्या जागी अभंग, भजन व कीर्तन आणले. अशा गावच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलाच्या कानांवर मराठी भक्तिसंगीत पडले नसते तरच नवल. हा मुलगा पुढे तीसेक चित्रपटांत कृष्ण झाला. लोक त्याच्या पायावर डोके ठेवीत. १९४० साली दामले-फत्तेलालांच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये तो ज्ञानेश्वर झाला, आणि ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासे त्याच्याच जिल्ह्यातले. मधल्या काळात ‘माणूस’मधला पोलीस गणपत करून त्याने हेही दाखवून दिले की मोरपीस उतरवूनही आपण नट आहोत. धर्म कोणता, भूमिका कोणती, असली चौकशी तेव्हाच्या प्रेक्षकांनी केली नाही. आज ती केल्याशिवाय कोणास चैन पडले असते असे वाटत नाही.

आता जामखेडकडे वळू. विंचरणा नदीच्या काठचे हे गाव १८१८ नंतर इंग्रजी अंमलात आले खरे, परंतु तालुक्याची रचना अशी चमत्कारिक की त्याच्या शिवेपलीकडे आष्टी, पाटोदा, भूम, परांडा असा निजामाचा मुलुख पसरलेला. १७९५ साली ज्या खर्ड्यावर मराठ्यांनी निजामाला नमविले ते खर्डे याच तालुक्यात, आणि अहिल्याबाई होळकरांची चौंडीही इथलीच. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत येथला माणूस बैलगाडीतून बाजाराला निघाला तरी वाटेत राज्य बदले, नाणे बदले, जकातीचा नाका आडवा येई. आगगाडी या गावाने कधी पाहिली नाही; नगर गाठायचे तर पाऊणशे किलोमीटरांची सडक.

अशा गावी बोलपट कसा पोहोचला असेल हे समजण्यास यंत्राचा विचार केला पाहिजे. मूकपटाचे प्रक्षेपण हाताने दांडा फिरवूनही होत असे. माणूस दमला तर चित्र किंचित मंदावे, इतकेच. दादासाहेब फाळक्यांच्या काळी चित्रपटाच्या खेळाची मिळकत बैलगाडीतून आली असे सांगतात, ते याच सुटसुटीतपणामुळे शक्य झाले. बोलपटाने हे सारे बिघडविले. सेकंदाला नेमकी चोवीस चित्रे सरकली पाहिजेत, नाहीतर नायिकेचा गळा पुरुषी होतो अथवा नायक चिवचिवू लागतो. फितीच्या कडेने छापलेल्या ध्वनिरेषेवर दिव्याची बारीक तिरीप पडून तिच्यातील चढउतार प्रकाशविद्युत्‌-पेशीने टिपले पाहिजेत. ते ध्वनिवर्धकातून मोठे होऊन पडद्यामागच्या कर्ण्यातून निघाले पाहिजेत. म्हणजे मोटर हवी, वीज हवी. वीज नसलेल्या गावी तेलावर चालणारे इंजिन आणि जनित्र हवे, आणि हे सर्व वाहण्यास लॉरी हवी. शिवाय १९१८ च्या कायद्यान्वये जिल्हा मॅजिस्ट्रेटचा परवाना. नायट्रेटची फीत बंदुकीच्या दारूची जवळची नातलग असल्याने कापडी तंबूत तिचा खेळ करण्यास परवानगी देताना अंमलदाराने हात आखडता घेतला तर त्याला दोष देता येत नाही.

म्हणून खेड्यापाड्यांत बोलपटाआधी बोलपटाचे गाणे पोहोचले. कुणाच्या वाड्यावरचा कर्ण्याचा ग्रामोफोन, तबकडीवर ऐकून चाल उचलणारा फडावरचा पेटीवाला, आणि त्या चालीवर आपले शब्द बसविणारा शाहीर, या मार्गाने. पुढे टुरिंग टॉकीजचे तंबू जत्रांतून हिंडू लागले: मध्ये दोरी बांधून एका बाजूस पुरुष, दुसऱ्या बाजूस बायका, आणि एकच यंत्र असल्यामुळे रीळ बदलेपर्यंत अंधारात शिट्ट्या व विड्यांची टोके. गाणे लागले की तंबूच्या कनातीबाहेर फुकट ऐकणाऱ्यांची दुसरी गर्दी. शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या याच तंबूंवर काढलेल्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाचा २०१६ साली कान महोत्सवात गौरव झाला. तोवर तंबूवाल्यांची जुनी यंत्रे भंगारात निघू लागली होती.

कलाकेंद्रातील बैठकीत आज जे होते ते या देवघेवीचेच पुढले पान आहे. गौळणीने ‘श्यामसुंदर’ला द्रव्य पुरविले, लावणीने पुढे कितीतरी मराठी चित्रपटांना पोसले, आणि चित्रपटाने ते उसने सव्याज परत केले. या व्यवहारात कोणाचे किती येणे-देणे राहिले याचा हिशेब मांडणाऱ्या पंडितांना मी एवढेच विचारीन की, रात्री दोन वाजता फर्माईश पुरी करणाऱ्या गायिकेच्या पदरात त्यातले काय पडते, हे त्यांनी आधी पाहिले आहे काय? गाण्यांच्या शुद्धतेविषयीची चिंता बहुधा ज्यांचे पोट त्या गाण्यांवर नसते त्यांनाच परवडते.

चित्रपटांचे मात्र वाईट झाले. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्याची गाणी तबकड्यांवर निघालीच नव्हती; त्यामुळे चित्राबरोबर तीही गेली. नायट्रेटची फीत आपोआप कुजते, चिकटते, भुकटी होते, आणि कधी स्वतःहून पेटते. जी वाचली तिच्यातील चांदी काढून घेण्यासाठी व्यापाऱ्यांनी ती धुऊन टाकली. अमेरिकेतही याहून वेगळे घडले असे नाही: लॉरेन्स टिबेट या मोठ्या ऑपेरा गायकाचा ‘द रोग साँग’ हा १९३० सालचा रंगीत संगीतपट आज तुकड्यांपुरता उरला आहे. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी देशभर फिरून जे मिळेल ते गोळा केले. पण तोवर तीस वर्षे उलटून गेली होती. त्यातही २००३ च्या जानेवारीत पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातील कोठीला आग लागून नायट्रेटची हजारो रिळे जळाली.

जे उरण्याची शक्यता आहे ते बहुतांशी कागदावर. त्या काळी चित्रपटाबरोबर थिएटरच्या दारात आणा-दोन आण्यांस गाण्यांची चोपडी विकत मिळे: वर नायक-नायिकेचे अंधुक चित्र, आत कथासार, भूमिकांची यादी आणि गाणी. हरवलेल्या कित्येक बोलपटांविषयी अभ्यासकांना जे काही ठाऊक आहे ते अशा चोपड्यांवरून. नगर, जामखेड, खर्डे, आष्टी या पट्ट्यातील जुन्या वाड्यांत, जमाखर्चाच्या वह्या, खतपत्रे आणि पंचांगे यांच्या दप्तरात एखादी तरी अशी चोपडी निघावी, असे मला वाटते. विशेषतः ज्या घरात कोणी फडावर पेटी वाजविणारा होऊन गेला असेल तेथे, कारण चाल कानावरून मिळे, पण शब्दांसाठी त्याला चोपडी लागे. पुण्याचे संग्रहालय चित्रफितींबरोबर अशा चोपड्या, भित्तिपत्रके आणि छायाचित्रेही जपून ठेवते. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक उघडली आणि रद्दीवाला दारात उभा असला, तरी त्याच्या तागडीत गठ्ठा टाकण्यापूर्वी दोरी सोडून आतले कागद एकदा चाळावेत, ही वाचकांस विनंती.